कॅशियरच्या हातातला स्कोप: दीड वर्ष वापरून झाल्यावर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. लक्ष्मीपुरीतल्या ज्या दुकानातून मी हा स्पॉटिंग स्कोप घेतला, त्या दुकानाला पाचपैकी पाच. स्कोपला, म्हणजे ट्रायपॉडवर लावून लांबची पाखरं बघायच्या एकनळी दुर्बिणीला, साडेतीन. खोक्यात 'फ्री' म्हणून आलेल्या बुटक्या ट्रायपॉडला अर्धा, आणि तोही आमच्या ह्यांनी गच्चीवर कारल्याच्या वेलाला त्याचा आधार दिलाय म्हणून. स्कोपच्या कंपनीच्या विक्रीनंतरच्या सेवेबद्दल खाली लिहिलंय. इथंच लिहायला घेतलं तर बीपीची गोळी लागेल.

कंपनीचं नाव घालत नाही. वीस-पंचवीस हजारांच्या टप्प्यातले बरेच स्कोप एकाच तव्यावरच्या भाकऱ्या असतात, फक्त वरचं नाव बदलतं. माझा २०-६० झूमचा (वीस ते साठ पट मोठं दाखवणारा), ६५ मिलिमीटर भिंगाचा, डोळ्याची नळी ४५ अंशात वाकलेली. दुकानात तासभर घासाघीस करून २३,५०० ला पडला.

आता हे कोण बोलतंय ते सांगते, कारण वस्तू कुणी कशासाठी वापरली हे कळल्याशिवाय रिव्ह्यूला काही अर्थ नाही. मी एकतीस वर्षं बँकेत कॅशला होते. एक नोट कमी आली म्हणून रात्री नऊपर्यंत थांबून टॅली केलेली बाई आहे मी. पक्षी वगैरे आयुष्यात कधी बघितले नव्हते. रंकाळ्यावर फिरायला गेलं तरी माझं लक्ष भेळेच्या गाडीकडं. हा नाद लागला २०२३ साली, आणि तोही थेट स्कॉटलंडात.

लेक ॲबर्डीनला असते. तिच्या बाळंतपणाला मी मे ते जुलै तिकडं होते. (तिकडं राहून सहा वर्षं झाली तरी पोरगी अजून "आई, मी आलो" म्हणते. आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना आलो-गेलोच करतो. लिहिताना मात्र शाळेतल्या बाईंचा धाक अजून आहे म्हणून 'आले-गेले'.) सव्वा महिना झाला, बाळ-बाळंतीण जरा स्थिरावली, आणि जावई म्हणाले, आई, तुम्ही घरात बसून कंटाळला असाल. मग एका रविवारी आम्हाला स्टोनहेवनजवळ घेऊन गेले. तिथं डनॉटर नावाचा किल्ला आहे, तीन बाजूंना समुद्र आणि खाली सरळ कडा. तिथल्या पाटीवर वाचलं, की १६५१-५२ मध्ये इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या फौजेनं वेढा घातला तेव्हा स्कॉटलंडचा राजमुकुट ह्या किल्ल्यातून गुपचूप बाहेर काढला. मी जावयांना म्हटलं, ह्यानंतर आठ-नऊ वर्षांत आमच्या पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला होता, आणि आमचे महाराज स्वतःच बाहेर पडले. मुकुटाचं काय घेऊन बसलात! जावई हसले. पण त्या किल्ल्याच्या भिंतीच्या सांदीत पांढरा गुबगुबीत फुलमार पक्षी बसला होता, तो बघून मी गप्प झाले. गडाच्या भिंतीत समुद्रपक्षी!

तिथून थोडं दक्षिणेला क्रॉटन नावाची चार घरांची वस्ती आणि तिच्या पुढं फाउल्शच्या कडा. तो दगड आपल्या काळ्या पाषाणासारखा नाही. चिक्कीत शेंगदाणे असावेत तसे गोटे चिकटलेले. ते गोटे निखळून पडले की खळगे आणि पायऱ्या तयार होतात, आणि त्या प्रत्येक पायरीवर पक्षी. हजारो. आवाज म्हणजे जोतिबाच्या चैत्र यात्रेचा, आणि वास... तो लिहित नाही, कुणी जेवत असेल.

कड्याच्या काठावर माझ्याच वयाची एक बाई खुर्ची टाकून बसली होती. पुढं ट्रायपॉडवर स्कोप, मांडीवर पॅड. पॅडवर समोरच्याच कड्याचा मोठा फोटो आणि त्या फोटोवर बारीक बारीक आकडे. ती स्कोपमधून बघायची, बोट फोटोवर फिरवायची आणि शेजारच्या कागदावर खूण करायची. मी दहा मिनिटं तिच्या मागं उभी राहिले. अहो, ती लेजर लिहीत होती! प्रत्येक घरट्याला खाते क्रमांक, प्रत्येक भेटीला तारखेचा रकाना, आणि रकान्यात नोंद: पक्षी बसलाय, अंडं दिसलं, एक पिल्लू, दोन पिल्लं, रिकामं. माझं इंग्रजी बँकेपुरतंच, पण रकान्याला भाषा लागत नाही. मी विचारत गेले, ती सांगत गेली.

तिनं सांगितलेलं बरंच मला नंतर उपयोगी पडलं, म्हणून इथं देते. सगळे पक्षी एकाच मापानं मोजत नाहीत. किट्टीवेक हा करड्या पाठीचा छोटा समुद्रपक्षी गवत-चिखल-शेवाळानं कड्याला घरटं चिकटवतो, म्हणून तिथं घरटी मोजायची. पण नुसता चिखलाचा पाया दिसला म्हणून घरटं धरायचं नाही. अंडं राहील इतकं नीट बांधलेलं पाहिजे आणि निदान एक पक्षी त्याच्यावर हजर पाहिजे, तरच एक. गिलेमॉट मात्र घरटंच बांधत नाही. उघड्या दगडावर एकच अंडं घालतो, आणि तेही एका टोकाला निमुळतं. हे पक्षी खांद्याला खांदा लावून, महाद्वार रोडला दिवाळीत माणसं उभी असतात तसे उभे. तिथं जोडी कुठली आणि शेजारी कुठला, कसं कळणार? म्हणून तिथं डोकी मोजायची आणि ढोबळमानानं ०.६७ नं गुणून जोड्या काढायच्या. मोजायचं ते जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत, सकाळी आठ ते दुपारी चार. जोराचा पाऊस-वारा असेल तर नाही. कारण वेळ बदलली की काठावर बसलेल्यांची गर्दी बदलते, आणि मग मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताळा बसत नाही.

आणि पक्षी किती हा अर्धाच हिशेब. उरलेला अर्धा म्हणजे पिल्लं किती उडाली. पक्षी दीर्घायुषी असतात. कड्यावर गर्दी दिसते म्हणून आपण खूश, पण दरवर्षी घरटी रिकामीच राहत असतील तर ते म्हणजे व्याज न येणारी ठेव. मुद्दल दिसतंय तोवर दिसतंय. म्हणून काही घरटी ठरवून, फोटोवर नंबर टाकून, हंगामभर परत परत त्यांच्याकडंच बघायचं, आणि शेवटी घरट्यामागं किती पिल्लं उडाली ते काढायचं. किट्टीवेकचं पिल्लू साधारण सहा आठवडे घरट्यात राहतं, आपल्या सव्वा महिन्यापेक्षा जरा जास्त. गिलेमॉटचं तर तीन आठवड्यांतच, पंख धड आलेले नसताना, संध्याकाळच्या अंधारात कड्यावरून खाली उडी मारतं. खाली पाण्यात बाप हाका मारत असतो. पुढं आठवडेच्या आठवडे समुद्रात बापच सांभाळतो. मी जावयांकडं बघितलं. त्यांनी लगेच बाळाची बॅग खांद्यावर घेतली.

ब्रिटनमध्ये हे असं मोजणं १९८६ पासून एकाच शिस्तीत चाललंय, आणि सगळ्या बेटांची एकत्र मोजणी तर त्याच्याही आधी १९६९-७० ला झाली होती. शेवटची मोठी मोजणी २०१५ ते २०२१. तिचा निकाल मी परत आल्यावर, २०२३ च्या नोव्हेंबरात, आला. त्याच्या आधीच्या मोजणीच्या तुलनेत किट्टीवेक चाळीस टक्क्यांहून जास्त घटलेले. समुद्र तापतोय, आणि ते ज्याच्यावर जगतात ती सँडइल नावाची बोटभर मासळी कमी झालीय. त्यात २०२२ पासून बर्ड फ्लू. मी गेले त्या उन्हाळ्यातही काठावर मेलेले पक्षी दिसत होते. २०२४ पासून स्कॉटलंडच्या पाण्यात ती मासळी पकडायलाच बंदी घातलीय. हे सगळं कशावरून ठरलं? असल्याच पॅडवाल्या बायका-बाप्यांच्या रकान्यांवरून.

तर, मुद्द्यावर येते. परत आले ती स्कोप घ्यायचा ठरवूनच.

लक्ष्मीपुरीतलं दुकान कॅमेऱ्याचं, जुनं. मालक तिशीतला पोरगा, वडील गल्ल्यावर. मी स्कोप म्हटल्यावर पोरगा म्हणाला, "काकू, चंद्र बघायचाय काय? मग टेलिस्कोप घ्या की, स्वस्तात बसतंय." मी म्हटलं, नाही रे बाबा, पन्हाळ्याच्या कड्यातली घरटी मोजायचीत. तो जरा थांबला, मग वडिलांकडं बघितलं. वडील म्हणाले, "दाखव दाखव, बँकेतल्या बाई आहेत, रिकाम्या हातानं जायच्या न्हाईत." ओळखलं होतं मला. दुकानाच्या खात्याचे चेक मीच पास केलेले.

दुकानाला पाच गुण का, तर तिथं जे झालं ते मॉलमध्ये किंवा ऑनलाइन कधीच झालं नसतं. मी अट घातली: दुकानातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात नाही बघणार, संध्याकाळी साडेसहाला परत येते, तेव्हा बाहेर रस्त्यावर लावून दाखवा. पोरानं खरंच तीन स्कोप फुटपाथवर लावले. समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एका क्लासची पाटी होती, तिच्या तळाशी बारीक अक्षरात फोन नंबर. उजेड कमी होत गेला तसं कुठल्या स्कोपमधून शेवटपर्यंत आकडे वाचता येतात ते बघितलं. तोवर दहा-बारा माणसं गोळा झाली. एक रिक्षावाला म्हणाला, "बघू की जरा, आमच्या घरचं दिसतंय काय." सगळ्यांना एकेक नजर दिली. वडिलांनी चहा मागवला. कुणी विकत घेतं का याची वाट न बघता दीड तास रस्त्यावर उभं राहणारं दुकान, हे कोल्हापूरच.

स्कोप घेणाऱ्यांनो, संध्याकाळीच बघा. भर दुपारी सगळेच स्कोप चांगले असतात, उन्हात सगळीच पोरं गोरी दिसतात तसे.

आता स्कोप. वजन दीड किलोच्या आत, खांद्याला जाणवत नाही. वीसवर चित्र झकास, कडेपर्यंत स्वच्छ. तीस-पस्तीसपर्यंत चांगलं. चाळीसनंतर दूध पातळ होत जावं तसं होतं, आणि साठवर तर नुसतं ताक. खोक्यावर '६०' हा आकडा एवढा मोठा छापलाय की घेणारा त्याच्यासाठीच घेतो. पण हिशेब साधा आहे. भिंगाचे मिलिमीटर भागिले झूम, म्हणजे डोळ्यात उतरणाऱ्या उजेडाच्या वर्तुळाचा व्यास. ६५ भागिले २०, सव्वातीन मिलिमीटर. ६५ भागिले ६०, एकच्या जरा वर. साठवर सुईच्या नेढ्यातून बघितल्यासारखं अंधारं दिसणार ते दिसणारच, त्यात स्कोपची काही चूक नाही. चूक खोक्यावर छापणाऱ्याची.

ही अक्कल मला चार नंबरच्या घरट्यानं शिकवली.

माझी घरटी म्हणजे समुद्रपक्ष्यांची नव्हेत, उगाच कुणी गैरसमज करून घेऊ नका. कोल्हापूरला समुद्र नाही, पण कडे आहेत. पन्हाळ्याच्या कड्यांत आणि गडाच्या कमानींत एक काळपट-तपकिरी छोटी भिंगरी असते, डस्की क्रॅग मार्टिन. मातीच्या बारीक गोळ्या चोचीनं आणून कपारीच्या छताखाली अर्ध्या वाटीसारखं घरटं थापते. वर्षातून बहुधा दोन वेळा पिल्लं काढते, आणि बऱ्याचदा तीच वाटी डागडुजी करून परत वापरते. फाउल्शसारखी गर्दी नसते. एक इथं, एक तिथं. गडावरच्या सज्जा कोठीच्या अंगाला एक पट्टा ठरवून मी सात घरटी पक्की केली, फोटोवर नंबर टाकले आणि फेब्रुवारीपासून दर आठवड्याला एसटीनं जायला लागले. महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं ह्या छंदातला सगळ्यात स्वस्त भाग म्हणजे प्रवास. सगळ्यात महाग, पन्हाळ्यावरचं झुणका-भाकर आणि दही.

तर चार नंबर. कपारीत खूप आत, अंधारात. मी साठवर झूम करून बघायची आणि रकान्यात लिहायची: रिकामं. पुढच्या आठवड्यात: रिकामं. तिसऱ्या आठवड्यातही रिकामं. मनात म्हटलं, ह्या जोडीनं सोडून दिलं. चौथ्या आठवड्यात एसटी लवकरची मिळाली, ऊन कपारीत तिरकं शिरत होतं, आणि मी झूम उगाच पंचविसावर आणला. वाटीच्या काठावर तीन पिवळ्या चोची उघडल्या. तीन! तीन आठवडे मी शून्य लिहीत होते. बँकेत असते तर मेमो मिळाला असता.

परत येऊन रजिस्टरातल्या त्या तीन नोंदी खोडल्या नाहीत. कॅशमध्ये खोडाखोड करत नाहीत, आडवी रेघ मारून बाजूला सही करतात. तशी सही केली आणि शेजारी लिहिलं: 'उजेड अपुरा, झूम जास्त.' तेव्हापासून रकान्यात तिसरी खूण सुरू केली: 'दिसलं नाही'. रिकामं असणं आणि न दिसणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी. फाउल्शच्या बाईंच्या कागदावरही प्रश्नचिन्हांचा एक रकाना होता. मला तेव्हा तो तिचा कच्चेपणा वाटला होता!

चष्मेवाल्यांसाठी: नळीवरचं रबर खाली दुमडून बघावं लागतं, आणि तरी वीसलाच पूर्ण वर्तुळ दिसतं, पुढं कडा कापल्या जातात. मी आता चष्मा काढूनच बघते आणि फोकस फिरवते. मग फोटोवर नंबर वाचायला चष्मा परत चढवते. काढ-घाल, काढ-घाल. गळ्यात दोरी लावलीय. ह्यांना ती बघून हेडमास्तरीण आठवते म्हणे.

वाकडी नळी घ्यावी की सरळ, हे मला खूप जणांनी विचारलंय. वाकडीचा फायदा असा, की वेगवेगळ्या उंचीची माणसं ट्रायपॉड न हलवता बघू शकतात. गडावर शाळेच्या सहली येतात, पोरं रांगा लावतात, त्यांना सोयीचं. तोटा असा, की कड्याच्या काठावरून खाली बघायचं असेल तर मान अवघडते आणि ट्रायपॉड उंच करावा लागतो. उंच ट्रायपॉड म्हणजे वाऱ्याला आमंत्रण. पन्हाळ्याचा वारा ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. समोरच्या अंगाचा, आपल्याच उंचीचा किंवा वरचा कडा बघणार असाल तर वाकडी, खाली बघणार असाल तर सरळ. आणि काठापासून दोन हात मागं बसा. पाखरांसाठीही आणि घरच्यांसाठीही.

ट्रायपॉडवर मी स्कोपइतकंच लिहायला पाहिजे, कारण दिसणं निम्मं तिथंच ठरतं. फुकट आलेला वीतभर उंचीचा ट्रायपॉड टेबलावर ठेवायचा असतो. पन्हाळ्याच्या कठड्यावर ठेवला तर वीस झूमलाच कडा भूकंप झाल्यासारखा हलतो. पहिला महिना मला वाटत होतं स्कोप खराब आहे. दुकानात परत गेले. मालक पोरानं स्कोप हातात न घेताच विचारलं, "काकू, कशावर लावताय?" आणि मग एका लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा पत्ता दिला. त्याच्याकडं जुना व्हिडिओ ट्रायपॉड होता, तेलात फिरणाऱ्या डोक्याचा, जड, एका पायाचं रबर गेलेलं. ६,८०० ला घेतला. ह्या ट्रायपॉडनं किती अक्षता बघितल्या असतील देव जाणे. डोकं असं लोण्यासारखं फिरतं की कड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीनं मोजत जाता येतं, मध्ये एक घरटं सुटत नाही. मधल्या दांड्याला पिशवी अडकवते, तिच्यात गडावरचेच दोन दगड. येताना दगड तिथंच ठेवते. ओझं फुकट, परतीला हलकं.

स्कोपच्या तळाचा स्क्रू आणि ह्या ट्रायपॉडची पट्टी जुळत नव्हती. उद्यमनगरात एका टर्नरकडं गेले. त्यानं स्कोप उलटा-पालटा केला, "ह्यातनं काय बघताय?" विचारलं, आणि वीस मिनिटांत ॲल्युमिनियमची पट्टी करून दिली. पैसे घेतले दीडशे. गेल्या महिन्यात तो स्वतः पन्हाळ्याला आला होता, बायको-पोरांसकट, सहा नंबर बघायला. ज्या गावात इंजिनं ओतली जातात तिथं असल्या पट्टीचं काय!

फोन लावायचा क्लॅम्प १,१०० चा घेतला. फोटोग्राफर मंडळी नाकं मुरडतील, पण मला स्पर्धेला फोटो पाठवायचे नाहीत. मला कड्याचा नकाशा पाहिजे. फोनवरनं फोटो काढला, राजारामपुरीत झेरॉक्सवाल्याकडं ए-फोर प्रिंट मारली, लॅमिनेट केली, वर मार्करनं नंबर. पावसात भिजत नाही, स्पिरिटनं पुसता येतो. पिल्लं दिसली की संध्याकाळी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या साइटवर, नोंद करते. मार्कर काळाच घ्या. लाल उन्हात उडतो. हा अनुभव आहे.

एक सूचना कळकळीची. गडाच्या परिसरात शाहीन ससाण्याचं घरटं असतं अशी कुजबूज ऐकून मोठ्या लेन्सवाले येतात आणि मला विचारतात, "काकू, तुमच्या स्कोपमधनं दिसलंय का?" दिसलंय की नाही, कुठं, केव्हा, हे मी कुणाला सांगत नाही, इथंही सांगणार नाही. स्कोपचा सगळा फायदाच हा, की दोनशे-तीनशे मीटर लांबून बघता येतं आणि पाखराला आपला पत्ता लागत नाही. ज्याला जवळ जायचंय त्यानं स्कोप घेऊ नये, पैसे वाया जातील.

उन्हाची झळ हाही एक विषय आहे. मार्च-एप्रिलमध्ये साडेदहानंतर कडा पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो, आणि कितीही महागडा स्कोप आणा, ती झळही तितकीच मोठी होऊन दिसते. तिकडं आठ ते चार मोजतात. इथं मी साडेसहा ते साडेनऊ, आणि मग दह्याकडं.

आता बीपीचा भाग. खोक्यावर लिहिलंय 'वॉटरप्रूफ, फॉगप्रूफ, नायट्रोजन भरलेला', म्हणजे आत ओली हवा राहू नये म्हणून कोरडा वायू भरून नळी बंद केलेली. जुलैमध्ये, पन्हाळ्याच्या धुक्यात दोन फेऱ्या झाल्यावर, आतल्या भिंगाला वाफ धरली. बाहेरून पुसण्याचा प्रश्नच नाही, आतून. आठवड्यात ती गेली, पण ऑगस्टमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा धागा दिसायला लागला. बुरशी. कंपनीच्या नंबरावर फोन केला. पहिल्या पोरीनं विचारलं, "मॅम, आपण मोबाइल पाण्यात टाकला होता का?" मी म्हटलं, मोबाइल नाही गं बाई, स्कोप. दुसऱ्यानं पुण्याला पाठवायला सांगितलं. पाठवला. सात आठवडे. मग पत्र: 'फंगस वॉरंटीत येत नाही.' अहो, नायट्रोजन भरलेल्या नळीत बुरशी आली म्हणजे नळी गळकी आहे, हे सांगायला इंजिनिअर लागतो का? त्याचंही लेखी उत्तर मागितलं, आलं नाही. सात आठवड्यांत माझ्या दोन नंबर आणि पाच नंबरच्या दुसऱ्या खेपेची पिल्लं कधी उडाली, उडाली का पडली, काही कळलं नाही. त्या दोन घरट्यांपुढं रजिस्टरात नुसती रेघ आहे. कंपनीला मी पाचपैकी शून्य दिलं असतं, पण तेवढी दखलही घ्यावीशी वाटत नाही.

शेवटी लक्ष्मीपुरीच्याच दुकानातल्या वडिलांनी, कॅमेरे उघडायचा त्यांचा जुना हात, स्कोप उघडला, भिंग पुसलं, रबराची रिंग बदलली. ५०० रुपये. म्हणाले, पावसाळ्यात कपाटात कपड्यांत गुंडाळून ठेवू नका, कापड ओल धरतं. आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते. पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर शेकते. त्या तव्यावर भाकरी करत नाही, हे ह्यांना तीनदा सांगून झालंय.

स्कोप कुठं चालत नाही तेही सांगते. गेल्या फेब्रुवारीत आंबोली उतरून वेंगुर्ल्याला गेलो होतो. तिथल्या समुद्रातले खडक, ज्यांना बर्न्ट आयलंड म्हणतात, तिथल्या गुहांत इंडियन स्विफ्टलेट ही छोटी पाकोळी लाळेनं घरटं चिकटवते आणि अंधारात टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधते. ही घरटी बाहेरदेशी सूपसाठी विकली जायची, चोरी व्हायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रनं त्यासाठी बरीच खटपट केली, हे कोकणातल्या लोकांना माहीत आहे. तिथं सुरय पक्षीही खडकावर अंडी घालतात, पण ते पावसाच्या तोंडाला, जेव्हा होडी नेण्याची कुणाची छाती नसते. काँग्रेसवाले ॲलन ह्यूम माहीत असतील. ते मुळात पक्ष्यांचे मोठे अभ्यासक, आणि १८७५ साली ह्याच खडकांवर जाऊन आले होते. आम्ही उतरलो नाही, उतरायचंही नव्हतं, होडीतूनच लांबून बघितलं. आणि होडीतून स्कोप म्हणजे शोभेची वस्तू. वीस झूमवर कडा एकदा आभाळात, एकदा पाण्यात. तांडेल म्हणाला, "मावशे, ता पिशयेत घाल, वकशीत." खरंच घातला. तिथं साधी ८×४२ ची दुर्बीणच पाहिजे. स्कोपला पायाखाली न हलणारी जमीन लागते. म्हणून समुद्रपक्षी मोजणारे लोकसुद्धा जमेल तिथं समोरच्या काठावर बसून मोजतात.

किती घरटी, किती पिल्लं, असं कुणी विचारेल म्हणून: पहिल्या वर्षी सात घरट्यांत दोन्ही खेपा धरून पक्की उडालेली तेरा, आणि चार वेळा 'माहीत नाही'. सातांवरून कसलाही निष्कर्ष निघत नाही, मला माहीत आहे. यंदा पट्टा वाढवून अकरा केलीत. बँकेतल्या दोन मैत्रिणी येतात. दोघी स्वतंत्र मोजतात, आकडा जुळला तर लिहायचा, नाही जुळला तर तिसऱ्यांदा. त्यातल्या एकीला एक नंबरचं घरटं आणि मधमाश्यांचं पोळं ह्यातला फरक कळायला महिना गेला, पण आता ती माझ्या चुका काढते.

स्कोप विकणार आहात का असा एक निरोप आला होता. नाही. बुटका ट्रायपॉड हवा असेल तर द्यायला तयार आहे, मात्र कारली संपल्यावर.

हो, डोळ्याच्या नळीचं रबर गेल्या आठवड्यात फाटलं. दुकानात सांगितलंय, मुंबईहून यायला पंधरा दिवस. तोवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन इंची तुकडा कापून चढवलाय. वास येतो, पण उजेड बाहेरून शिरत नाही.